देवाला दिलेली नोटीस

माझं लग्न स्वराज्य आल्यावर दोन वर्षांनी झालं. ही गोष्ट घडली तेव्हा लग्नाला सहा वर्षं होत आली होती, आणि त्या सहा वर्षांत नवऱ्याबरोबर एका छपराखाली मी किती दिवस काढले ते एकदा दुपारी बोटांवर मोजायला बसले. पाच महिनेसुद्धा भरेनात. हे मुंबईला गोदीत इंजिनांच्या दुरुस्तीवर आणि मी कुरुळीत सासू-सासऱ्यांजवळ. (नवऱ्याचं नाव घ्यायची सवय मला कधी लागली नाही, तेव्हा इथेही 'हे' म्हणूनच चालवून घ्या.) शिमग्याला आठ दिवस, दिवाळीला चार, कुणाचं लग्न निघालं तर आणखी दोन. आले की पहिला दिवस एकमेकांची भीड मोडण्यात जायचा, आणि नीट बोलायला लागावं तर निघायची वेळ झालेली असायची. मला याचा फार राग यायचा. कुणावर काढायचा, तेवढं ठरत नव्हतं.

अशात एका माघात हे आले ते बैलगाडीत लोखंड घालूनच. गोदीत मोडीत काढलेलं एक तेलावरचं इंजिन यांनी वर्षभर रविवारी रविवारी बसून चालतं केलं होतं. बरोबर दळणाचे दोन मोठे दगड होते. गाडी वेशीतून आत आली तेव्हा अर्धं गाव मागे चालत होतं. इंजिन गोठ्यात उतरवून झाल्यावर हे स्वयंपाकघराच्या दाराशी आले आणि मलाही ऐकू जाईल अशा बेतानं सासूबाईंना म्हणाले, "आता गावातच पिठाची गिरणी घालतो, आई. गिरणी लागली की मुंबईला न्हाई जायचं."

मी भाकरी थापत होते. हातातली भाकरी परातीतच चिरली. गिरणी लागली तर नवरा घरी राहणार, नाही लागली तर परत जाणार, एवढंच माझ्यापुरतं त्यात होतं. तेव्हा चाकणशिवाय जवळपास गिरणी नव्हती, त्यामुळे जात्याचे कष्ट सुटतील म्हणून गावातल्या बायका खूश होत्या. मला मात्र जात्याची काही पडली नव्हती. नवरा घरी राहतोय म्हटल्यावर जन्मभर जातं ओढायला सांगितलं असतं तरी मी ओढलं असतं.

जागा होती. गावाच्या पश्चिम कडेला कडब्याची गंज रचायला ठेवलेला आमचा एक तुकडा होता. हे म्हणाले, उद्याच पाया खणू. पण सासरे तलाठ्याला विचारून आले आणि हिरमुसून ओसरीवर बसले. तलाठ्याला गावात सगळे भाऊसाहेब म्हणत. भाऊसाहेबांचं म्हणणं, शेतजमिनीत इंजिन बसवायचं तर तालुक्याच्या कचेरीची परवानगी पाहिजे, आणि अर्ज करायच्या आधी जागेच्या चारी बाजूंच्या मालकांना लेखी नोटीस दिली पाहिजे. कुणाची हरकत असली तर त्यानं तीस दिवसांत कळवायची.

शेजाऱ्यांना कळवायचं म्हणजे काय, हेच मला समजेना. इंजिन भर दिवसा गाडीतून आलं होतं. प्रत्येकानं त्याला हात लावून पाहिला होता, एका म्हातारीनं तर कुंकू लावून नारळ ठेवला होता. आता त्याच लोकांना 'आपणांस कळविण्यात येते की' असं लिहून द्यायचं? पण माझे वडील देहूकडे शाळामास्तर, मी सातवी पास, घरात माझंच अक्षर वळणदार. सासऱ्यांनी दौत-टाक माझ्यापुढे सरकवला.

भाऊसाहेब चतुःसीमेची यादी घेऊन ओसरीवर बसले आणि मी दाराआड बसून लिहायला लागले. पूर्वेला चुलत सासरे. उत्तरेला कुंकू लावणारी तीच म्हातारी. दक्षिणेला ओढा, म्हणजे मालक सरकार. सरकारच्या परवानगीसाठी सरकारलाच नोटीस द्यायची. आणि पश्चिमेला देवाची इनामी जमीन. ग्रामदेवाच्या दिवाबत्तीसाठी कुणीतरी फार पूर्वी दिलेली. कागदावर मालक म्हणून देवाचंच नाव. पुढे वहिवाटदार म्हणून गुरवाच्या बापाचं नाव होतं, पण तो वारल्यावर त्यावर रेघ मारली होती आणि मुलाचं नाव चढवायचं राहून गेलं होतं.

मी दाराआडून विचारलं, "नोटीस गुरवाच्या नावानं लिहू का?"

"त्याचं नाव कुठंय कागदावर?" भाऊसाहेब म्हणाले. "मालक देव आहे. मालकाला द्या."

त्यांनाही ते तितकंसं पटलेलं नव्हतं. नोटिसा मी लिहीत होते आणि तिकडे ओसरीवर ते मात्र आपला टाक उगाच आपल्या दौतीत बुडवून झटकत होते. पण एकदा बोलून गेले, आणि सरकारी माणसाला गावासमोर शब्द मागे घेणं जड जातं. त्या दिवशी त्यांनी नुसतं 'बरं, गुरवाला द्या' म्हटलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं. ही चूक कुणाची, याचा विचार मी पुष्कळ केला आहे. भाऊसाहेबांची, रेघ मारून पुढचं न लिहिणाऱ्याची, की मुकाट्यानं लिहून देणाऱ्या माझी?

देवाला पत्र लिहायचं कसं, ते मला वडिलांनी शिकवलं नव्हतं. वडील माणसाला शिरसाष्टांग नमस्कार, बरोबरीच्याला सप्रेम नमस्कार. देवाला कुठला? नोटिशीत तर नमस्कारच नव्हता. नाव, वय, धंदा, राहणार, एवढंच. राहणार म्हणून मी देऊळ लिहिलं. वयापाशी अडले.

"वय सोड मोकळं," सासरे म्हणाले.

"आणि धंदा?"

सासऱ्यांनी जरा विचार केला. "शेती लिव. जमीन हाय न्हवं त्येच्या नावावर."

मला हसू आलं आणि पाठोपाठ भीतीही वाटली. मी पदरानं तोंड झाकलं आणि 'शेती' लिहिलं.

म्हातारीनं नोटिशीवर लगेच अंगठा उठवला. "घाल रं बाबा लवकर," ती यांना म्हणाली, "माजं खांदं गेलं दळून दळून." चुलत सासऱ्यांनी सही करायला दोन दिवस लावले, पण ते फक्त मानासाठी. ओढ्याची नोटीस भाऊसाहेबांनी स्वतःच स्वतःला दिली. राहिली देवाची. ती घेऊन हे आणि सासरे देवळात गेले आणि अर्ध्या तासात परत आले, कागद तसाच हातात. गुरवानं पोच द्यायला साफ नकार दिला होता.

"आबा, मी त्येचा चाकर मानूस," तो म्हणे सासऱ्यांचे पाय धरून सांगत होता. "त्येला आंघूळ घालीन, निवद दावीन. पर त्येच्या वतीनं सही? उंद्या गावात कुनाचं काय बरंवाईट झालं तर लोक मलाच धरत्याल. नोटीस त्येच्या नावाची हाय, तुमी त्येलाच इचारा."

देवाला विचारायची रीत आमच्याकडे होतीच. कौल लावायचा. देवाच्या मूर्तीला उजवीकडे एक आणि डावीकडे एक अशा दोन पाकळ्या ओल्या करून चिकटवायच्या आणि गाऱ्हाणं घालायचं. उजवी पाकळी आधी पडली तर देव हो म्हणाला, डावी पडली तर नाही. लग्नं, विहिरी, हरवलेली गुरं, सगळ्याला गाव कौल लावत आलेलं. इंजिनासाठी पहिल्यांदाच.

रविवारी सकाळी देऊळ भरलं. आम्ही बायका मागे, सभामंडपाच्या खांबांशी. गुरवानं नोटीस देवापुढे नारळाखाली ठेवली, शेवंतीच्या दोन पाकळ्या लावल्या, आणि सासऱ्यांनी हात जोडून विचारलं, "तुज्या रानाच्या बांधाला गिरनी घालतोय देवा. तुजी मर्जी हाय का?"

सगळे पाकळ्यांकडे बघत होते. मी तर डोळ्याची पापणीही हलवली नाही. देवाकडे मी तोवर मूलबाळ सोडून काही मागितलं नव्हतं, आणि आता मागत होते ते देवाकडेही नाही, त्या उजव्या पाकळीकडे. पड की गं बाई, एवढंच मनात. नवऱ्याचा माझ्या घरातला मुक्काम एका पाकळीच्या ओलेपणावर येऊन ठेपला होता.

पाकळी पडली नाही. डावीही नाही. सूर्य डोक्यावर आला, लेकरं भुकेनं रडायला लागली, माणसं एक एक करून उठली. संध्याकाळी गुरवानं भीत भीत दोन्ही पाकळ्या काढून घेतल्या. पुढच्या रविवारी परत कौल लावला, या वेळी पाणी कमी लावून. तरी तेच. तिसऱ्यांदा लावायला गुरव तयार होईना. एकाच गोष्टीला तिसऱ्यांदा विचारणं म्हणजे देवाला छळणं, असं तो म्हणाला.

तीस दिवस भरले त्या सकाळी भाऊसाहेब आमच्या ओसरीवर आले. स्वारी खुशीत होती.

"झालं की काम," ते म्हणाले. "मुदतीत कुणाची हरकत आलेली नाही. गप्प राहिला त्याची कबुली आहे असं कचेरी धरते. मी तसा अहवाल पाठवतो."

"कचेरी धरंल," सासरे म्हणाले. "पर द्येव गप ऱ्हायला म्हंजी त्येच्या मनात न्हाई. मनात असतं तर पाकळी द्यायला त्येला काय जड व्हतं?"

"मनात नसतं तर डावी दिली असती, आबा."

"डावी दिली म्हंजी नुसता न्हाई म्हनला. गप ऱ्हायला म्हंजी रागावला."

हे दोघांच्या मधे बसून गवताची काडी मोडत होते. मी आत चुलीपाशी ऐकत होते आणि माझं डोकं चालेनासं झालं. भाऊसाहेब बोलले की ते खरं वाटायचं, सासरे बोलले की तेही खरं वाटायचं. मी स्वतः त्या घरात दिवसातून दहा वेळा मूग गिळून बसत होते. कधी पटलं म्हणून, कधी संताप आला म्हणून, कधी लक्षच नव्हतं म्हणून. त्यातलं कुठलं कशासाठी, हे घरात कुणी कधी विचारलं नव्हतं. मग देवाचं यांना कसं कळणार होतं?

महिना-दीड महिन्यात परवानगीचा कागद आला, शिक्क्यासकट. सासऱ्यांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि देव्हाऱ्यात ठेवला. ते मुलाला 'नको' म्हणाले नाहीत. 'घाल'ही म्हणाले नाहीत. हे आठ दिवस घुम्यासारखे फिरले, मग एक दिवस उठून पाया खणायला लागले. पंधरा दिवसांत चार भिंती आणि वर पत्रे झाले.

ज्या सकाळी इंजिन पहिल्यांदा सुरू केलं, ती सकाळ मी विसरणार नाही. आवाजानं झाडावरची पाखरं उडाली, म्हैस दावं तोडून पळाली. यांचं तोंड तेलानं काळं झालं होतं आणि त्यात दात तेवढे दिसत होते. इतकं खूश मी त्यांना लग्नातही पाहिलं नव्हतं. मी घरून ज्वारी नेली होती. पीठ खाली आलं ते हाताला ऊन लागत होतं. जात्याचं पीठ गार असतं, हे तेव्हा पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं. सासूबाईंनी त्या पिठाला हात लावला नाही. मीच दोन भाकरी केल्या आणि आम्ही दोघांनी गिरणीच्या दाराशी बसून खाल्ल्या, लसणाच्या चटणीबरोबर. सुनेनं नवऱ्याच्या पंगतीला बसायचं नसतं, पण तिथं बघायला कुणी नव्हतं. त्या वेळी मला वाटलं, झालं, राहिले हे घरी.

पण दळण येईना. एकही पायली नाही. बायका कडेकडेनं यायच्या, डोकावायच्या, इंजिनाचं कौतुक करायच्या आणि जायच्या. ज्या म्हातारीचे खांदे गेले होते तीसुद्धा डोक्यावर पाटी घेऊन निम्म्या वाटेपर्यंत आली आणि थांबली. मी तिला घ्यायला पुढे गेले.

"या की आजी."

"येते गं," ती म्हणाली, "पर द्येव अजून काय बोलला न्हाई म्हनत्यात. बोलला की पयली मीच येते." आणि पाटी तशीच घेऊन वळली.

मला तिचा इतका राग आला की मी वाटेतच उभी राहून रडले. अंगठा देताना हिला देव आठवला नव्हता. आणि भांडावं तरी कुणाशी? हरकत कुणाचीच नव्हती. माणसांची नव्हती, सरकारची नव्हती, देवानंही डावी दिली नव्हती. सगळ्यांची संमती होती आणि गिरणी बंद होती.

तिसरा कौल लाव म्हणून सासरे परत गुरवाकडे गेले, तो पुन्हा नाहीच म्हणाला. हे रोज सकाळी जाऊन इंजिन पुसायचे आणि गोणपाटानं झाकून यायचे. आधी आवाज यावा म्हणून रिकामं चालवून बघायचे, मग तेही सोडलं. असे दोन महिने गेल्यावर गोदीतून मुकादमाचं पत्र आलं. जागा अजून रिकामी आहे, महिनाअखेरपर्यंत आलास तर घेतो. ते पत्र मीच वाचून दाखवलं. वाचताना शेवटची ओळ गाळावी असं मनात आलं होतं. गाळली नाही. का गाळली नाही, हे मला आजही सांगता येत नाही.

निघायच्या सकाळी सासरे ओसरीवर बसले होते, सासूबाई उंबऱ्याशी. हे धोतर-कोट घालून, पत्र्याची ट्रंक हातात घेऊन बाहेर आले. मी तुळशीपाशी भांडी घासत होते. सगळ्यांच्या पाया पडून झाल्यावर हे माझ्या दिशेनं आले, थांबले आणि म्हणाले, "मग, जाऊ का मी?"

सगळ्यांसमोर. त्या घरात मला कुणी 'का' लावून काही विचारण्याची ती पहिलीच वेळ. माझ्या तोंडात 'नका जाऊ' इतकं भरलं होतं की ते सांडेल असं वाटत होतं. पण सासरे ऐकत होते, आणि सासऱ्यांच्या देखत नवऱ्याशी बोलायची आमच्यात रीत नव्हती. शिवाय मला वाटलं, माझ्या गप्प बसण्यावरून त्यांना कळेल. न कळायला काय झालं? डोळे भरले होते माझे, पण मान खाली होती. मी हातातला तांब्या घासत राहिले. हे क्षणभर थांबले, सासरे खाकरले, आणि यांच्या वहाणांचा आवाज वेशीकडे गेला.

पुढं ते बावीस वर्षं मुंबईला राहिले. पुन्हा शिमगा, दिवाळी, लग्नं. इंजिन एका बागायतदारानं विहिरीवर बसवायला नेलं. चार वर्षांनी चिखलीच्या एकानं गावाच्या दुसऱ्या कडेला गिरणी घातली. त्याच्या चारी बाजूंना माणसांचीच शेतं होती, तेव्हा कुणाला कौल आठवला नाही. सगळ्या बायका तिथं दळायला गेल्या. मीही गेले. पीठ ऊनच होतं.

नोकरी संपवून हे कायमचे घरी आले तेव्हा सासू-सासरे राहिले नव्हते. बोलायला कुणाची आडकाठी नव्हती, आणि बोलायचं काय ते दोघांनाही सुचत नव्हतं. चाकणच्या रस्त्यानं गाड्या जायच्या, त्या मोजत ओसरीवर बसायचं. एकदा असेच भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलो होतो. मी विचारलं, "त्या दिवशी जाऊ का म्हणालात, मी गप्प बसले. तुम्ही त्याचं काय धरलंत?"

मला वाटलं होतं, त्यांना आठवणारही नाही.

"मी काय धरनार?" शेंग फोडता फोडता ते म्हणाले. "तू नको म्हनशील म्हून तर इचारलं. लई येळ उभा व्हतो की गं. ट्रंकेची कडी हाताला रुतली, मग हात बदलला, तरी उभाच व्हतो."

मी खाली मान घालून बसले होते, मला दिसलंच नव्हतं. इतकी वर्षं मी धरून चालले होते, की ते क्षणभरच थांबले होते.